खिडकीतली बाहुली आणि दोन टाइम मशीन

‘द टाइम मशीन’ दोनदा मोठ्या पडद्यावर आला. पहिला १९६०चा, जॉर्ज पाल यांचा. दुसरा २००२चा, सायमन वेल्स यांचा. दोन्हींच्या मुळाशी एच. जी. वेल्स यांची १८९५ची कादंबरी आहे, आणि सायमन हे तर वेल्स यांचे पणतू, म्हणजे अगदी घरचाच माणूस. पहिल्याचं बजेट दहा लाख डॉलरच्याही आत, दुसऱ्याचं आठ कोटींच्या घरात. गेल्या महिन्यात मी दोन्हींच्या डीव्हीडी लागोपाठ बघितल्या. जुना आजही पुरून उरतो. नवा अर्ध्यातच दमतो. असं का होतं हे सांगायचं तर मला आधी लालबागला जावं लागेल, कारण हा चित्रपट मला तिथे कळला.

आमच्याकडे केबल आलं नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात. तेव्हा दिवसभर कार्टून नेटवर्क असायचं आणि रात्री त्याच चॅनलवर टीएनटी सुरू व्हायचं. टॉम आणि जेरी धावता धावता गडप व्हायचे आणि त्यांच्या जागी एमजीएम या फिल्म कंपनीचा सिंह डरकाळी फोडायचा. माझ्या वयाच्या पुष्कळांना हे आठवत असेल. बहुतेक घरांत तिथे टीव्ही बंद व्हायचा, कारण पुढचं सगळं इंग्रजी आणि त्यातून जुनं. आमच्याकडे बंद व्हायचा नाही. बाबा रातपाळीला गेलेले, आई दिवसभराच्या कामाने झोपलेली. मी, दादा आणि आजी आवाज बारीक करून जे लागेल ते बघायचो. तिथेच एका रात्री १९६०चा ‘टाइम मशीन’ लागला.

मी मराठी माध्यमातली. खाली सबटायटल्स नाहीत. संवादांतले चार-दोन शब्द सोडले तर काही पल्ले पडत नव्हतं. आणि तरी गोष्ट कळली, नुसती कळली नाही तर पाठ झाली. या चित्रपटाचं सगळं मोठेपण मला यात दिसतं. तो भाषेवाचून समजतो.

कसा, ते सांगते. ३१ डिसेंबर १८९९ची रात्र, लंडन. जॉर्ज नावाचा शास्त्रज्ञ (रॉड टेलर) जेवायला आलेल्या मित्रांसमोर यंत्राची छोटी प्रतिकृती ठेवतो आणि तिच्या इवल्याशा खुर्चीत माणूस म्हणून एक सिगार वाकवून बसवतो. दांडी ढकलली जाते, मागची तबकडी गरगरते आणि प्रतिकृती टेबलावरून नाहीशी होते. मित्रांना हातचलाखी वाटते. ते गेल्यावर जॉर्ज प्रयोगशाळेत जातो आणि खऱ्या यंत्रात बसतो. यंत्र म्हणजे घसरगाडीसारखा सांगाडा, मध्ये लाल मखमलीची खुर्ची, पुढे स्फटिकाची मूठ असलेली दांडी, मागे मोठी नक्षीदार तबकडी. तो दांडी जराशी पुढे करतो. शेजारची मेणबत्ती भराभर खाली जाते. गोगलगाय उंदराच्या वेगाने सरपटत जाते. काचेच्या छतावरून सूर्य एका कडेने चढतो आणि दुसऱ्या कडेने उतरतो. फुलं उमलतात, मिटतात. बस्स, एवढंच. पण चौथी-पाचवीतल्या मुलीला काळ धावतो म्हणजे काय होतं ते समजायला याहून जास्त काय लागतं?

आणि मग ती बाहुली. प्रयोगशाळेच्या खिडकीतून रस्त्यापलीकडचं कापडाचं दुकान दिसतं. तिथे काचेमागे एक बाहुली उभी आहे, अंगावर लांब झगा. जॉर्ज दांडी पुढे करत जातो आणि बाहुलीचे कपडे बदलत राहतात. झग्याची लांबी आखूड होत जाते, टोप्या बदलतात, कंबर वर-खाली सरकते. बाहुली मात्र तीच. तिचं वय वाढत नाही, आणि जॉर्जचंही वाढत नाही. तो तिच्याकडे ओळखीच्या माणसाकडे बघावं तसा बघतो. वर्षं सांगायला आकड्यांची गरजच पडत नाही, फॅशनवरून कळतं. जॉर्ज पाल मूळचे हंगेरीचे. लाकडी बाहुल्यांचे तुकडे एकेका फ्रेमला बदलून ॲनिमेशनपट करण्यात त्यांची आधीची कित्येक वर्षं गेली होती, आणि या दृश्यात तो हात दिसतो. त्या वर्षीचं स्पेशल इफेक्ट्सचं ऑस्कर या चित्रपटाला मिळालं ते योग्यच होतं.

गोष्टीत एक बाब आहे जी मुलांना पटकन समजते आणि मोठी माणसं विसरतात. हे यंत्र कुठेही जात नाही. ते काळात पुढे जातं, जागा सोडत नाही. जॉर्ज १९१७मध्ये थांबतो तर त्याचंच घर, पण खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या आणि आत जळमटं. बाहेर गणवेशातला एक तरुण भेटतो. जॉर्जला तो आपला मित्र फिल्बी वाटतो, पण तो फिल्बीचा मुलगा असतो. फिल्बी युद्धात मारला गेला. मित्र कधीतरी परत येईल म्हणून त्याने जॉर्जचं घर विकू दिलं नव्हतं. हे दृश्य जेमतेम दोन-तीन मिनिटांचं. बाप आणि मुलगा दोघेही ॲलन यंग यांनीच केलेत, आणि तोच चेहरा बघून जॉर्जच्या तोंडावर आलेलं हसू विरतं ते बघावं. नंतर १९४०, बॉम्ब पडताहेत. मग १९६६, म्हणजे चित्रपट आला तेव्हाचं भविष्य. अणुयुद्धाचा भोंगा वाजतो, लोक तळघरांकडे धावतात, लंडनच्या रस्त्यातून लाव्हा वाहतो. (तो लाव्हा ओटच्या लापशीत रंग घालून केला होता. आज बघताना ते कळतं, पण त्यामुळे काही बिघडत नाही.) लाव्हा यंत्राभोवती गोठून डोंगर होतो, आणि तो झिजून जाईपर्यंत जॉर्ज अंधारात बसून राहतो. बाहेर येतो तेव्हा साल असतं ८०२७०१.

पुढची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. वर बागेत एलॉय नावाची माणसं, सुंदर, गोरे, सोनेरी केसांचे, काही न करणारे. त्यांच्यातलीच वीना नावाची मुलगी बुडत असताना काठावर बसून बघणारे. जॉर्ज त्यांची पुस्तकं बघायला मागतो आणि हात लावताच पानांची माती होते, तेव्हा तो इतका चिडतो की कपाटाच्या कपाटावरून हात फिरवत सगळी पुस्तकं धुळीला मिळवतो. जमिनीखाली मॉरलॉक, निळसर कातडीचे, पांढऱ्या केसांचे, डोळे दिव्यासारखे पेटलेले. ते एलॉयना पोसतात आणि खातात.

आणि त्यांना खाली बोलावतात ते भोंगा वाजवून. दगडी स्फिंक्सवरून भोंगा सुरू होतो आणि बागेतले सगळे एलॉय जिथे असतील तिथून उठतात, नजर समोर, एकमेकांकडे न बघता, ओळीने दरवाजाकडे चालू लागतात.

आजी तोपर्यंत आडवी पडून अर्धवट बघत होती. आवाज बारीक असूनही तो भोंगा तिला ऐकू गेला. ती ताडकन उठून बसली. “भोंगो वाजलो गो! खंयची पाळी ही?” तिने तरुणपणी गिरणीत वाइंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात, काम केलं होतं. पुढे आजोबा आणि मग बाबा त्याच गिरणीत होते. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर डबा भरायचा, भोंग्यावर फाटक गाठायचं. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते, आणि त्यांतल्या असंख्य घरांसारखं आमचंही घर त्यानंतर परत गिरणीत गेलं नाही. बाबा वॉचमन झाले. मी हा चित्रपट बघितला तोवर आसपासचे बरेच भोंगे गप्प झाले होते. आजीने पडद्यावरच्या त्या ओळीकडे बघून विचारलं, “खंय चल्ली ही पोरां?” दादा म्हणाला, “खाली, कामाला.” त्याने ते अंदाजाने सांगितलं होतं. आजीला ते पूर्ण पटलं, आणि शेवटपर्यंत तिने झोपेचं नाव काढलं नाही.

चित्रपटात भोंग्याचा अर्थ वेगळा आहे. जॉर्जला आठवतं की १९४०मध्ये आणि १९६६मध्ये लोक याच आवाजाने जमिनीखाली पळायचे. शेकडो पिढ्यांनी ती सवय अंगात भिनवली, धोका कधीच संपला, पण पाय मात्र अजून चालतात. भोंगा थांबला की दरवाजा बंद होतो आणि बाहेर राहिलेले एलॉय शांतपणे परत फिरतात, आत गेलेल्यांचं नावही न काढता. ही कल्पना वेल्स यांच्या कादंबरीत नाही, चित्रपटाची स्वतःची आहे, आणि मला ती मूळ गोष्टीत घातलेली सगळ्यात मोलाची भर वाटते. दुसऱ्या महायुद्धाला तेव्हा पंधरा वर्षंच झाली होती. लंडनच्या प्रेक्षकाला तो आवाज समजावून सांगावा लागला नसेल, तसाच लालबागलाही सांगावा लागला नाही.

आमच्या गॅलरीतून तेव्हा गिरणीची भिंत आणि चिमणी दिसायची. मग भिंतीच्या जागी पत्रे आले. मग क्रेन, आणि मग वर मान करून बघावं लागेल असा टॉवर. खालून लालबागचा उड्डाणपूल गेला, तो २०११ला सुरू झाला. मी त्याच गॅलरीत, त्याच कठड्याला टेकून हे सगळं बघितलं. म्हणून चित्रपटातली खिडकी मला कधी परकी वाटली नाही. जागा तीच ठेवून काळ बदलत जाताना बघणं, हा या चित्रपटाचा प्राण आहे.

आता २००२चा. मी कॉलेजात होते, दादाला नुकतीच नोकरी लागली होती, त्याने तिकिटं काढली. आम्ही दोघंही जुन्या ओढीने गेलो होतो.

या वेळी शास्त्रज्ञ न्यूयॉर्कचा आहे, अलेक्झांडर हार्टडेगन (गाय पिअर्स). त्याची वाग्दत्त वधू एमा चोराच्या हातून मरते. तिला वाचवायला तो यंत्र बनवतो, मागे जातो, आणि ती दुसऱ्या अपघातात मरते. मग ‘भूतकाळ का बदलता येत नाही’ हे विचारायला तो पुढे निघतो. कागदावर हे छान वाटतं, माणसाला निघायला कारण मिळतं. पण इथेच चित्रपट हातातून निसटतो. १९६०चा जॉर्ज निघतो कारण त्याला बघायचंय. पुढे काय होतं, माणूस शहाणा होतो का, हे बघायची त्याला हाव आहे, आणि प्रेक्षकालाही तीच हाव लागते. अलेक्झांडरला बघायचं काहीच नाही, त्याला उत्तर हवंय. त्यामुळे दर मुक्कामावर कुणीतरी बोलायला लागतं. २०३०मध्ये ग्रंथालयातला काचेवरचा ग्रंथपाल बोलतो. शेवटी जेरेमी आयर्न्स यांचा पांढराफटक उबर-मॉरलॉक, म्हणजे मॉरलॉकांचा म्होरक्या, भेटतो आणि सरळ समजावून सांगतो की एमा मेली म्हणून तू यंत्र बनवलंस, मग त्याच यंत्राने तिला कसा वाचवशील? युक्तिवाद चोख आहे. पण तो ऐकवला जातो, दाखवला जात नाही. इंग्रजी न येणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीच्या हाती यातून काही लागलं नसतं.

काळ धावतो ते दृश्य इथेही आहे, आणि दिसायला देखणं आहे. समोरच्या दुकानातल्या बाहुलीचे कपडे बदलतात, ही जुन्याला दिलेली दाद. पण थोड्याच वेळात कॅमेरा खिडकीतून बाहेर पडतो, वाढत्या इमारतींवरून वर वर जातो, विमानं, आकाश, थेट चंद्रापर्यंत. खर्च दिसतो, कौशल्य दिसतं, फक्त बघणारा माणूस मागे राहतो. जुन्या चित्रपटात आपण खुर्चीत बसलेलो असतो. इथे आपण हवेत तरंगतो, आणि तरंगणाऱ्याला काळ जाणवत नाही.

नव्यात चांगलं काहीच नाही असं म्हणणं अन्याय होईल. एलॉय इथे बाहुल्या नाहीत. उंच कड्यांना टांगलेली त्यांची घरं, त्यांची भाषा, त्यांची भीती, सगळं विचाराने घडवलंय, आणि सगळे गोरे-सोनेरी असण्याचा जुन्यातला खटकणारा प्रकार इथे नाही. सामंथा मुम्बाची मारा ही वीनापेक्षा कितीतरी जिवंत बाई आहे. मॉरलॉकही भयानक आहेत, धावतात, उड्या मारतात. मेकअपला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं. (जुन्या मॉरलॉकांचं रबर आता स्पष्ट दिसतं, तेही सांगायला हवं.) ॲलन यंग इथे फुलं विकणाऱ्याच्या छोट्या भूमिकेत येतात, तेव्हा थिएटरात दादाने माझा हात दाबला होता. आणि तो ग्रंथपाल, व्हॉक्स, ऑर्लंडो जोन्स यांनी केलेला. आठ लाख वर्षांनी पडक्या अवशेषात तो अजून चालू आहे, सगळं पाठ आहे आणि ऐकायला कुणी नाही. नव्या चित्रपटाने स्वतःच्या डोक्याने काढलेलं हे एक पात्र असं आहे की जुन्यात त्याच्या तोडीचं काही नाही. गोष्ट त्याच्याभोवती फिरली असती तर मी आज वेगळं लिहिलं असतं.

एका मुद्द्यावर मात्र दोघांशीही माझं भांडण आहे. कादंबरी मी बऱ्याच उशिरा वाचली आणि वाचताना उठून उभी राहिले. वेल्स यांच्या गोष्टीत माणसाची दोन टोकं अणुबॉम्बने झालेली नाहीत आणि चंद्र फुटूनही झालेली नाहीत. मालक वर राहिले, कामगार हळूहळू जमिनीखाली ढकलले गेले, आणि काही लाख वर्षांत दोन वेगळ्या जाती झाल्या. प्रवासी म्हणतो की याची सुरुवात तर माझ्याच लंडनमध्ये झालीय, भुयारी रेल्वे आणि तळघरांतले कारखाने बघा. वेल्स हे हवेतून लिहीत नव्हते. पोरवयात ते कापडाच्या दुकानात उमेदवारी करायचे. त्यांची आई अपपार्क नावाच्या मोठ्या वाड्यात नोकरांवर देखरेख करायची, आणि तिथल्या नोकरांची ये-जा वाड्याखालच्या भुयारांतून व्हायची. मॉरलॉक तिथून आले. ते रात्री वर येऊन एलॉयना खातात, पण एलॉयचे कपडेही तेच शिवतात, यंत्रंही तेच चालवतात. १९६०च्या चित्रपटाने त्या जागी युद्ध घातलं, २००२च्याने चंद्रावर वसाहत बांधताना केलेले स्फोट घातले. दोघांनीही कामगार काढून टाकला, आणि मॉरलॉक नुसता राक्षस उरला. दादाने अंदाजाने म्हटलेलं ‘खाली, कामाला’ हे पुस्तकाच्या जास्त जवळ होतं. गिरणगावात बसून ही गोष्ट पुन्हा कुणी मराठीत करायला घेतली, तर या कामगारांपासून सुरुवात करावी, एवढीच माझी मागणी आहे.

तरीही जुन्यात एक क्षण आहे ज्यात त्या हरवलेल्या गोष्टीची धग लागते. भुयारात जॉर्ज एकटा मॉरलॉकांशी झुंजतोय आणि एलॉय नेहमीप्रमाणे बघत उभे आहेत. त्यांतला एक तरुण स्वतःच्या हाताकडे बघतो. बोटं आत वळवतो. मूठ कशी होते हे त्याला तेव्हाच कळतं. आणि तो मारतो. संवाद नाही. मला तो क्षण लहानपणी जितका आवडला तितकाच परवाही आवडला.

घ्यायचा असेल तर जुन्याची डीव्हीडी घ्या, आणि तिच्यात १९९३चा एक माहितीपट आहे तो असेल तीच घ्या. त्यात यंत्राची कहाणी आहे. १९७०मध्ये एमजीएमने सामानाचा लिलाव केला त्यात ते विकलं गेलं, फिरत फिरत जुन्या वस्तूंच्या एका दुकानात पोचलं आणि बॉब बर्न्स या संग्राहकाने ते शोधून मित्रांच्या मदतीने पुन्हा उभं केलं. माहितीपटाच्या शेवटी रॉड टेलर आणि ॲलन यंग, दोघेही वयस्क झालेले, पुन्हा जॉर्ज आणि फिल्बी होऊन एक छोटा प्रसंग करतात: फिल्बी युद्धावर निघालाय आणि जॉर्ज त्याला थांबवायला आलाय. नव्या चित्रपटाने दीड तास घेऊन मांडलेला प्रश्न या दोन म्हाताऱ्यांनी काही मिनिटांत मांडलाय, आणि माझ्या मते जास्त खरा मांडलाय.

मुलांना दाखवणार असाल तर आठ-नऊ वर्षांपुढे दाखवा, मॉरलॉकांचे डोळे लहानांना झोपू देणार नाहीत. काळ धावायला लागला की शेजारी बसून काही समजावू नका, त्यांना बाहुली सापडू द्या. २००२चा नंतर कधीतरी, व्हॉक्ससाठी. आणि जुन्याच्या शेवटी जॉर्ज परत भविष्यात जाताना कपाटातली तीन पुस्तकं घेऊन जातो, कोणती ते कुणालाच कळत नाही. तिथे टीव्ही बंद करून माहितीपट लगेच लावू नका, आधी घरात कोणती तीन यावर भांडण होऊ द्या. आमच्याकडे भाच्याने पहिलं नाव पाकक्रियेच्या पुस्तकाचं घेतलं, दादाने शिवणकामाच्या, आणि तिसऱ्यावर अजून एकमत झालेलं नाही.